डायरी जाळू नका

पत्र : "मालवण तालुक्यात किनाऱ्यावरच्या एका गावात राहतो. वय 44. बरीच वर्षं व्याजाने पैसे देतो, महिना दहा टक्के, लायसन नाही. कोरे चेक, सह्या केलेले स्टॅम्पपेपर, थोडं सोनं, दोघींची एटीएम कार्डं माझ्या कपाटात आहेत. एकाची कलमांची बाग माझ्या नावावर झाली. एकाने होडी विकून माझं व्याज भरलं, आता तो दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी आहे. वर्षभर प्रार्थनेला जातो. येशूवर विश्वास बसला आणि तेव्हापासून वसुलीला पाय उचलत नाही. दारू सुटून चार महिने झाले. बाप्तिस्मा घ्यायचा आहे. प्रार्थनेतले एक ब्रदर म्हणतात, येशूच्या रक्ताने सगळं धुतलं गेलं, जुनं उकरू नको, डायरी जाळ आणि पुढच्या महिन्यात सगळ्यांसमोर साक्ष दे. पार्टनर म्हणतो, डायरी मला विक. बायको म्हणते, सगळं वाटून टाकल्यावर आम्ही काय खायचं, आणि देवघराचं, चतुर्थीच्या गणपतीचं काय? मला झोप नाही. काय करू?"

उत्तर :

डायरी जाळू नका आणि विकू तर मुळीच नका. कोणाकडून किती घेतलं याचा तेवढाच पुरावा गावात आहे, आणि तो गेला तर ज्यांचं देणं लागता त्यांना ते सिद्धही करता येणार नाही. आधी तिच्या पानापानाची झेरॉक्स काढा. मूळ डायरी वकिलाकडे ठेवायची, एक प्रत घरात. वसुली आजपासून बंद. "या महिन्याचं तेवढं घेतो आणि मग थांबतो" असं करू नका. तो महिना संपत नसतो.

आता त्या ब्रदरांचं म्हणणं. देवाकडची क्षमा विकत मिळत नाही, ती फुकट आहे, हे त्यांनी बरोबर सांगितलं. पण तिच्या आधाराने कोळणीचे चेक कपाटात ठेवता येतात, असं ख्रिस्ती शिकवणीत कुठे नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या 19 व्या अध्यायात जक्कय भेटतो. तो जकातदारांचा मुख्य, म्हणजे तुमच्याच व्यवसायाच्या जवळचा. येशू त्याच्या घरी उतरतो तो कुठलीही अट न घालता. पण मग जक्कय उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. "आज या घराला तारण मिळालं" हे वाक्य त्याच्यानंतर येतं. चौपटीचा हिशेब निर्गम या पुस्तकाच्या 22 व्या अध्यायातला, चोरलेल्या मेंढराचा आहे. तो प्रत्येकाला लागू केलेला नियम नाही. नियम म्हणून हवा असेल तर गणना या पुस्तकाच्या 5 व्या अध्यायात आहे : कबुली द्यायची, घेतलेलं पूर्ण परत करायचं आणि वर पाचवा हिस्सा घालायचा. ज्याचं घेतलं तो हयात नसेल तर त्याच्या जवळच्या नातलगाला, आणि नातलगच नसेल तर मग देवाच्या कामाला. हा क्रम लक्षात ठेवा. चर्चची पेटी सगळ्यात शेवटी येते.

ख्रिस्ती धर्मविचारक संत ऑगस्टीन स्वतः भरकटलेल्या आयुष्यातून 386 मध्ये वळला. पुढे बिशप झाल्यावर त्याने लिहिलं की परत करता येण्यासारखी वस्तू जो परत करत नाही त्याचा पश्चात्ताप हे सोंग आहे. कॅथलिक कुमसारातही, म्हणजे फादरसमोर पापांची कबुली देण्यातही, हेच आहे. फादर पापमुक्ती देतात, पण चोरलेलं परत करण्याचं ओझं तसंच राहतं.

मन वळलं म्हणजे धंदा आपोआप सुटतो, असंही समजू नका. इंग्लंडचा जॉन न्यूटन 1748 मध्ये समुद्री वादळात देवाकडे वळला, आणि त्यानंतर 1750 ते 1754 गुलामांच्या जहाजांवर कप्तान म्हणून फिरला. तेव्हाही तो प्रार्थना करत होता. धंदा सुटला तो आजारपणामुळे, आणि त्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीर लिहिलं ते 1788 मध्ये. भावना खरी होती, फक्त तिला हिशेबाच्या वहीपर्यंत पोचायला चाळीस वर्षं लागली. तुमचे पाय वसुलीला उचलत नाहीत, ही चांगली सुरुवात आहे. त्याहून जास्त काही अजून झालेलं नाही.

पहिलं काम वकील. चर्चच्या ओळखीचा किंवा पार्टनरच्या ओळखीचा नको. फौजदारी आणि सावकारी दोन्ही पाहणारा हवा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पैसे परत केले म्हणून गुन्हा पुसला जात नाही, आणि तसं वचन कोणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण कोणी तक्रार करण्याआधी स्वतःहून परत करणारा आणि धाड पडल्यावर परत करणारा, यांच्याकडे कोर्ट एकाच नजरेने पाहील असंही नाही. ओरोसला सावकारीवर देखरेख ठेवणारे जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे स्वतः जायचं का, कधी आणि कशा शब्दांत, हे वकिलाने ठरवायचं.

वकिलाशी बोललेलं कायद्याने गोपनीय असतं. पास्टरशी किंवा प्रार्थनागटात बोललेलं तसं नसतं. म्हणून साक्ष, म्हणजे आपलं पाप आणि झालेला बदल सगळ्यांसमोर सांगणं, नको. निदान माइकवर नको, मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर तर नकोच. हॉलमध्ये दिलेली कबुली ऐकणारा प्रत्येक माणूस उद्या साक्षीदार होऊ शकतो, आणि व्हिडिओ तर संध्याकाळपर्यंत आचऱ्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत फिरतो. कायद्याची बाजू सोडली तरी दुसरी एक बाजू आहे. तुमच्या साक्षीत ज्या बाईचा उल्लेख "एक गरीब मच्छीवाली" असा येईल, तिला गावात सगळे ओळखतात. तिची नामुष्की तुम्ही तुमच्या आनंदासाठी दुसऱ्यांदा वापरणार. सगळा हिशेब चुकता झाल्यावर, त्या लोकांची हरकत नसेल तर, पुढे पाहू.

परत करताना क्रम असा ठेवा : कागद, मग सोनं, मग जमीन, मग रोख. कागद परत करायला एक पैसाही लागत नाही, त्यामुळे वकिलाने हो म्हटल्यावर आठवड्याच्या आत ते गेले पाहिजेत. तारीख न टाकलेला कोरा चेक जुना होत नाही, तो भरेपर्यंत जिवंत असतो, आणि म्हणूनच त्याची दहशत आहे. चेकचे नंबर यादीत लिहा, चेक माणसाच्या हातात द्या, फाडायचा तो त्यालाच फाडू दे. स्टॅम्पपेपर तसेच. एटीएम कार्डं देताना पिन लगेच बदलायला सांगा, कारण पिन तुमच्या वसुलीच्या पोरांनाही ठाऊक असणार. चेक बाउन्सच्या केसेस घातल्या असतील तर त्या आपसात मिटवता येतात, पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 147 मध्ये तशी सोय आहे.

सोनं मोडलं असेल तर तेव्हाची रक्कम नाही, तेवढंच वजन परत करायचं. सोन्याचा भाव इतका चढला आहे की इथे पळवाट काढायचा मोह होईल.

जमिनीची गोष्ट वेगळी. या कायद्याच्या कलम 18 प्रमाणे सावकारीपोटी बळकावलेली स्थावर मालमत्ता मूळ मालकाला परत देण्याचा आदेश जिल्हा उपनिबंधक देऊ शकतात, व्यवहार 15 वर्षांच्या आतला असेल तर. बाग कधी घेतली ते तुम्ही लिहिलं नाही. मुदतीत असेल तर मालकाच्या अर्जाला विरोध न करणं हा एक मार्ग. नाहीतर उलट खरेदीखत किंवा दुसरा दस्त. कुठल्या मार्गाने मुद्रांक शुल्क कमी पडतं ते वकील सांगेल, पण ते शुल्क तुम्ही भरायचं. दस्त झाला म्हणून थांबू नका. फेरफार होऊन सातबाऱ्यावर त्यांचं नाव लागेपर्यंत तलाठ्याकडे खेपा तुमच्या. मधल्या वर्षांत आंब्याचं जे उत्पन्न खाल्लंत तेही हिशेबात धरा. खत-फवारणीचा खर्च वजा करायला हरकत नाही, पण पावत्या दाखवून.

रोखीचा हिशेब बहुतेकांचा इथे चुकतो, म्हणून एक उदाहरण मांडतो. समजा 20,000 दिले. पहिल्या महिन्याचं व्याज कापून हातात 18,000 ठेवले, तर मुद्दल 18,000 धरायचं, कारण तेवढेच दिले. पुढे त्या माणसाने महिना 2,000 प्रमाणे 30 महिने भरले : 60,000. तुमच्या वहीत ते सगळं व्याज आणि मुद्दल अजून उभंच. आता हाच हिशेब परवानाधारक सावकाराच्या दराने करा. बिगरशेतकऱ्याला विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्के ही 2014 च्या अधिसूचनेतली कमाल मर्यादा आहे, म्हणजे महिना दीड टक्का, सरळ व्याज, आणि प्रत्येक हप्त्यातून मुद्दल कमी करत जायचं. या दराने नऊ हप्ते भरल्यावर बाकी राहते सुमारे 1,462. दहाव्या हप्त्याला 1,484 भरले की कर्ज संपलं. त्या माणसाचं एकूण देणं 19,484 होतं, भरले 60,000. जास्तीचे 40,516. त्यावर पाचवा हिस्सा 8,103. त्याला द्यायचे 48,619. आणि "उभं मुद्दल" वहीतून कायमचं खोडायचं. शेतकऱ्यांना दर आणखी कमी आहे, विनातारण 12 आणि तारणावर 9. प्रत्येक नावासमोर हे एकदा मांडा. दहावी शिकलेला मुलगा मोबाइलवर करून देईल, पण तुमच्या मुलाला बसवू नका.

वहीत काही वेळा घेतलेल्या रकमा लिहिलेल्याच नसतात. तिथे समोरच्याने सांगितलेला आकडा अगदीच अवास्तव नसेल तर तोच धरा. कर्जदार वारला असेल तर वारसांना द्या. भाऊबंदकी चालू असेल तर एकाच्या हातात देऊन भांडण लावू नका, वारस दाखल्याची वाट पाहा.

होडी विकलेल्या माणसाचं नुकसान या हिशेबात बसत नाही. त्याने तुम्हाला भरलेलं व्याज परत गेलं तरी तो खलाशीच राहतो. त्याला विचारा, त्याला पुन्हा स्वतःची होडी हवी आहे का. हवी असेल तर जुन्या फायबर होडीचा आणि इंजिनाचा खर्च तुमच्या यादीत सगळ्यात वर यायला हवा. नको असेल तर तो काय सांगतो ते ऐका. त्याच्यासाठी तुम्ही ठरवायचं नाही.

बेरीज केल्यावर आकडा तुमच्या मालमत्तेपेक्षा मोठा निघेल. बहुतेकदा निघतोच. तेव्हा आधी व्याजाच्या पैशातून घेतलेलं विका : गाडी, प्लॉट, काय असेल ते. बायकोचं स्त्रीधन तिचं आहे, त्याला हात लावू नका. घरखर्चाचे सहा महिने बाजूला ठेवा, मुलांच्या फीसकट. तुमच्या बायकोचा प्रश्न रास्त आहे, आणि उपाशी राहिलेलं घर तिसऱ्या महिन्यात तुम्हाला परत त्याच धंद्यात ढकलेल. उरलेलं हप्त्यांनी, लेखी, आणि हप्ते तुमच्या कष्टाच्या कमाईतून. इफिस 4:28 मध्ये चोराला सांगितलेलं हेच आहे, की त्याने आता हातांनी काम करावं. परतफेडीसाठी नवीन कर्ज काढू नका. पहिल्या फेरीत विधवा आणि ज्यांची मुलं शाळेतून काढावी लागली ते.

भेटीला कसं जायचं, यातही लोक चुकतात. तुम्ही दारात दिसलात की त्या घरात आधी भीतीच शिरणार. अंधार पडल्यावर जाऊ नका, वसुलीच्या पोरांना नेऊ नका. आधी मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनकडून किंवा सरपंचाकडून निरोप धाडा आणि दिवसा, त्यांनी सांगितलेल्या जागी भेटा. पैसे शक्य तिथे बँकेतून द्या, सोबत तुमच्या सहीचा कागद : इतकी रक्कम जास्त घेतली होती, ती परत दिली, आता कसलीही बाकी नाही, अमुक नंबरचे चेक परत दिले. मजकूर वकिलाकडून पाहून घ्या. "माझी तक्रार नाही" असं त्यांच्याकडून लिहून घेऊ नका. पैसे हातात धरून सही मागणं ही जुनीच सवय झाली. आणि "मला माफ केलं म्हणा" असंही म्हणू नका. काही जण शिव्या घालतील, ऐकून घ्या. एखादी बाई पैसेच घेणार नाही, यात काहीतरी डाव असेल म्हणून. तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवा. बाईमाणसाला उत्पन्न कितीही असलं तरी तिथे वकील मोफत मिळतो, हेल्पलाइन 15100.

परतफेड आणि धर्म एकत्र करू नका. पाकिटासोबत धर्मप्रचाराची पत्रिका नको, प्रार्थनेचं आमंत्रण नको, "येशूने सांगितलं म्हणून" हे वाक्यही नको. पैसे त्यांचेच आहेत. पण देवाचं नाव जोडलंत की गावात ती लालूच ठरते, आणि आज किनारपट्टीवर वातावरण असं आहे की तुमच्याबरोबर तुमचा प्रार्थनागटही अडचणीत येईल. कोणी विचारलंच, तर "चुकीचं घेतलं होतं" एवढं उत्तर पुरे. दशांशही, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा चर्चला देणंही, तूर्त थांबवा. पास्टरना कारण सांगा. समजदार असतील तर तेच तुम्हाला थांबवतील, आणि नसतील तर तेही कळेल.

पार्टनरने भांडवल घातलं असेल तर त्याचा हिशेब वेगळा, पण कर्जदारांच्या आधी त्याला चुकतं करू नका. तो वसुली स्वतः करू लागेल, ही शक्यता मोठी आहे. पोरंही तुमच्याच नावाने फिरत राहतील, कारण त्यांचं पोट त्यावर आहे. म्हणून प्रत्येक कर्जदाराला कागद देतानाच सांगा की आता कोणालाही काही द्यायचं नाही, आणि बिनपरवाना सावकाराला कोर्टात वसुलीचा हुकूमनामा मिळत नाही. पोरांना एक-दोन महिन्यांचा पगार द्या. धमक्या सुरू झाल्या तर वकिलामार्फत पोलिसांत अर्ज द्या, स्वतः मिटवायला जाऊ नका.

आता घर. ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मलेले. त्यांनी बाप्तिस्मा घेतला 1895 मध्ये, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधली काही वर्षं दोघं वेगळी राहिली, आणि त्या आल्या त्या स्वतःच्या विचाराने. तुमची बायको कधीच येणार नाही, असंही होईल, आणि तो तिचा हक्क आहे. देवघर तिचं आहे. ते हलवू नका, त्यावर बोलूही नका. चतुर्थीचा गणपती घराण्याचा असेल तर भावांना महिनाभर आधी सांगा की पूजेला तुम्ही बसणार नाही, आरास-रंगकामाचा आणि जेवणाचा तुमचा वाटा मात्र द्याल. ऐन चतुर्थीला सांगितलंत तर पुढची दहा वर्षं घरात फूट राहील. तुमच्या भावनेला वर्गणी खटकत असेल तर पास्टरांशी बोला. पंथापंथांत यावर मतं वेगळी आहेत, आणि आमच्या मते पाहुण्यांच्या जेवणाचा खर्च उचलणं म्हणजे पूजा नव्हे.

कायद्याची बाजू थोडक्यात. धर्म बदलल्याने वडिलोपार्जित मालमत्तेतला तुमचा हक्क जात नाही, 1850 पासून तसा कायदा आहे. मुलं धर्मांतराआधी जन्मलेली असल्याने त्यांच्या वारसाहक्काला बाध येत नाही. जोडीदाराने धर्म बदलला तर हिंदू विवाह कायद्याप्रमाणे दुसऱ्याला घटस्फोट मागता येतो, म्हणून बायकोला अंधारात ठेवून काही करू नका. अनुसूचित जातीचा दाखला असेल तर 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे तो लाभ जातो. धर्मांतराबाबत राज्यात सध्या काय नियम लागू आहेत ते बाप्तिस्म्याची तारीख ठरवण्याआधी वकिलाकडून तपासून घ्या. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढाला साधारण वर्षभर शिकवणी देऊन ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा देतात. काही स्वतंत्र गट दोन आठवड्यांत खाडीत उतरवतात. तुम्हाला लांबची वाटच बरी. तोवर निम्मी यादी तरी संपेल.

दारू चार महिने सुटली आहे, छान. पण परतफेडीच्या दिवसांत ती परत खुणावणार. शिव्या खाऊन आलेल्या संध्याकाळी घरी एकटे बसू नका, आणि घसरलात तर ते प्रार्थनेपुरतं न ठेवता डॉक्टरलाही सांगा.

राहिला जून. 1 जूनला मासेमारी बंद झाली की कोणीतरी नेहमीप्रमाणे येईलच : "व्याज लाव, पण दे." तुम्ही दिलं नाही तर तो तुमच्या पार्टनरकडे जाईल, हे खरं. तरी बिनव्याजीही देऊ नका, निदान तुम्ही नको. ती वाट तुमच्या पायाखालची आहे. त्याऐवजी एप्रिलमध्येच त्यांच्यासाठी बँकेत चकरा मारा. किसान क्रेडिट कार्ड 2018-19 पासून मच्छीमारांनाही मिळतं, आणि 1 जानेवारी 2025 पासून दोन लाखांपर्यंत तारण लागत नाही. आधार, पॅन, फोटो, बोटवाल्यांना नौकेची नोंदणी आणि मासेमारी परवाना, सोसायटीचा दाखला. मासे विकणाऱ्या बायकांना "उमेद"च्या बचत गटातून सोपं पडतं. बँकेत फॉर्म अडतो तो बहुतेकदा जुन्या थकबाकीमुळे, आणि ती थकबाकी अनेकदा तुमचं व्याज भरताना झालेली असते. ती कोणाची किती, हे विचारून तुमच्या यादीत शेजारच्या रकान्यात लिहा.